चतुराबाईच्या पदरातला नारळ

आमच्याकडं म्हण हाय, बारा वर्षांनी उकिरड्याचा बी पांग फिटतो. चतुराबाईला कुणी ही म्हण ऐकवली की ती तोंड वाकडं करते. बारा वर्षं वाट बघायला मी काय उकिरडा हाय का, म्हणते. तिनं आपला पांग सहा वर्षांत फेडून घेतला, आन् तोही व्याजासकट.

वाळूज मागं टाकून गंगापूरच्या रस्त्याला लागलं की कंपन्यांची कंपाउंडं संपतात आन् ऊस सुरू होतो. त्या सांध्यावर डाव्या हाताला एक पत्र्याचं शेड हाय. शेडम्होरं छातीइतके उंच ढीग, पाचटाखाली झाकलेले. साडीवरून नवऱ्याचा कंपनीतला जुना शर्ट चढवून, हातात लोखंडी सळई घेऊन एक पन्नाशीची बाई त्या ढिगांमधून हिंडत असते, दवाखान्यात डॉक्टर खाटांमधून हिंडतो तशी. तीच चतुराबाई. सळई ढिगाच्या पोटात खुपसायची, दोन विड्या ओढून व्हतील इतका वेळ ठेवायची, मग उपसून मुठीत धरायची. धरवत नसली तर ढिगात काम चालू हाय. कोमट लागली तर पलटी मारायची वेळ झाली. ओल असूनबी गारच लागली, तर ढीग पिकला.

उसाचं पाचट, कापसाच्या पळाट्यांची कुट्टी, म्हशीचं शेण आन् धनगरांच्या वाड्यावरची शेळ्या-मेंढ्यांची लेंडी, ह्याचं ती खत करायची. तीन पलट्या, तीन महिने, मग चाळणी. शेवटी अळीव. वाडगंभर खतावर चिमूटभर अळीव टाकायचे, पाणी शिंपडायचं. चौथ्या दिवशी वाडगं हिरवंगार झालं तर खत गोणीत. अळीव पिवळे पडले तर ढीग परत झाकायचा. तिची सासू म्हणायची, अळीव बाळंतिणीला देतेत हे ऐकलं व्हतं, शेणाला अळीव खाऊ घालणारी हीच पहिली. पण खुळ्यासारखी दिसणारी ही रीत तिनं कधी सोडली नाय. कच्चं खत मुळं जाळतं, आन् एकदा मुळं जळली की वरून किती बी पाणी घाला, काय उपयोग नाय, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

खत करणं तिला येत होतं. विकणं येत नव्हतं. तिथंच काकासाहेब शिरला.

काकासाहेब म्हणजे तिच्या नवऱ्याचा, रामकिसनचा, धाकटा चुलत भाऊ. पिकअप गाडी, गळ्यात उपरणं, खिशात चकचकीत कार्ड, कार्डावर 'गार्डन डेव्हलपर'. गड्यानं जन्मात तुळस लावली नव्हती. पण बोलणं असं, की ऐकणाऱ्याला वाटावं ह्याच्या बोलण्यावरच झाडं फुलत असतील. वहिनी, तुम्ही बनवा, मी विकतो, घरातलं घरात, असं म्हणून त्यानं तिचं खत शहरात न्यायला सुरुवात केली. सिडकोतले बंगले, कंपन्यांच्या हिरवळी, नव्या सोसायट्या. दोन वर्षं गाडी नीट चालली. मग त्याला वाटलं, एवढं चांगलं खत देऊन टाकणं म्हणजे उधळेपणा झाला. तो गोणीत निम्मं तिचं खत आन् निम्मी कच्ची लेंडी, काळी माती असं भरू लागला. दुधात पाणी घालणारा निदान पाणी तरी स्वच्छ घालतो.

शहराच्याच सातारा परिसरातल्या अमृतवेल सोसायटीची बाग ह्याच खतावर झाली. दीड महिन्यात हिरवळीवर पिवळे चट्टे उठले. चट्ट्यांमधून गाजरगवत निघालं, येडी बाभळ निघाली. मग हुमणी लागली. आळ्यांनी खालची मुळंच खाल्ली, तशी हिरवळ गोधडीसारखी गुंडाळून हातात यायला लागली. सोसायटीवाले खवळले.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब सकाळीच शेडवर आला. हसत होता. म्हणला, वहिनी, सोसायटीला खत लई आवडलं. तुमचा सत्कार ठेवलाय. शाल, नारळ, सगळं हाय. चांगली साडी नेसून चला.

रामकिसन पहिल्या पाळीला गेलेला. चतुराबाईनं रूपालीच्या, म्हणजे लेकीच्या लग्नातली हिरवी साडी काढली. नखात शिरलेलं काळं काडीनं कोरून काढलं. पिकअपमधी पुढच्या शिटावर बसून गेली.

सोसायटीच्या हॉलात पन्नासेक माणसं खुर्च्यांवर बसलेली. टेबलावर खरंच नारळ होता, बाजूला शाल होती. ते दहावीत पहिल्या आलेल्या कुण्या पोरीसाठी हायेत, हे तिला कोण सांगणार? टेबलापाशी अध्यक्ष श्रीनिवासराव, बँकेतून रिटायर झालेले, आन् नीरजा म्हणून एक तरणी मॅडम, बागेचा नकाशा हिनंच काढलेला. बोलणं निम्मं इंग्रजीत चाललेलं. चतुराबाई हात जोडून हसत बसली. मग काकासाहेब उठला. चेहरा पाडून म्हणला, खत ह्यांनीच बनवलंय, मी घरच्या माणसावर विश्वास ठेवला, तिथंच फसलो. चतुराबाईच्या कानात 'खत ह्यांनीच बनवलंय' एवढंच शिरलं. ती उभी राहिली आन् सगळ्यांना नमस्कार केला.

श्रीनिवासरावांनी तिच्याकडं न बघताच सांगितलं, "ठीक आहे. मग ह्या बाईंना नारळ द्या आणि विषय संपवा."

चतुराबाई पुढं झाली. दोन्ही हातांनी पदर पसरला, ओटी घेताना पसरतेत तसा.

पहिल्यांदा कुणाला काय कळलं नाय. मग मागच्या खुर्चीतून एक जण फिसकन हसला. मग दुसरा. मग अख्खा हॉल. नीरजा मॅडमनं तोंडावर कागद धरला, पण खांदे हलत होते. श्रीनिवासराव बी हसले, चष्मा काढून डोळे पुसत. सगळ्यात मोठ्यानं काकासाहेब हसला. चतुराबाई पदर पसरून उभी. कामावरून काढायला नारळ देणं म्हणतेत, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाय. वाळूजला कामाला जाणाऱ्या घरात ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. रामकिसनला मागं एका कंपनीनं तसा नारळ दिलेला, तेव्हा हिनंच घर ओढलं होतं. पण त्या दिवशी तिचा कान सत्काराला लागलेला. नारळ म्हणल्यावर हात आपोआप पदराकडं गेला.

कशासाठी हसले ते तिला पदर पसरलेलाच असताना कळलं. तो तिनं हळूच आवरला, खोचला, आन् बाहेर आली. काकासाहेबाला दुसरीकडं काम होतं म्हणं. ती रिक्षानं, मग जीपनं घरी आली. वाटेत गंगापूर रस्त्यावर उतरून तिनं दोन नारळ इकत घेतले.

त्या घरात कुणी रडलं-बिडलं नाय. तिनं नारळ शिंक्यात घातले आन् शेडच्या आढ्याला टांगले. रामकिसन संध्याकाळी आला, ऐकलं, आन् कुऱ्हाडीचा दांडा हातात घेऊन निघाला. तिनं अडवलं.

"तुम्ही मारलं तर त्याचा गाल चार दिवस सुजंल," म्हणली. "अन् भावबंद म्हणतील, बाई चुकली म्हणून नवरा उसळला. बसा खाली."

"मग सोडून देतीस काय?"

"आढ्याला काय टांगलंय दिसतं का? ते सोडून दिलेल्या माणसाचं असतं व्हय?"

रामकिसननं वर बघितलं. एक नारळ कुणाचा ते त्याला उमगलं. दुसरा कुणाचा, हे त्यानं लई डाव इचारलं. तिनं सांगितलं नाय.

काकासाहेबानं गोष्ट गावात पोचवली, तिला मीठमिरची लावून. लग्नात जेवणावळीला बाया म्हणायच्या, चतुरे, पदर पसर, नारळ आलाय. हळदीकुंकवाला ओटी भरताना कुणीतरी मुद्दाम नारळ हातात तोलायची आन् बाकीच्या तोंडात पदर कोंबायच्या. चतुराबाई ओटी घ्यायची, घरी जायची. दिवाळीला काकासाहेब दारात आला की चहा द्यायची. तो चहा प्यायचा आन् मनात म्हणायचा, बाई इसरली. तेवढंच त्याला नीट ओळखता आलं नाय.

सहा वर्षं ती शहरातल्या रोपवाटिकांना खत देत राहिली. कोऱ्या गोणीत, नाव न घालता. नाव तर त्या हॉलात सांडलेलं. ते उचलल्याशिवाय गोणीवर घालणार कसं? गिऱ्हाइकं म्हणायची, ते गंगापूर रोडचं बिननावाचं खत द्या. शिंक्यातले नारळ वाळत गेले. पाणी आटलं, खोबरं करवंटीपासून सुटलं, वारं आलं की दोन्ही गोटे आत खुळखुळ वाजायचे. खत पलटताना तिला तो आवाज ऐकू यायचा. आवडायचा बी.

मागच्या साली उन्हाळा संपता संपता शेडम्होरं एक चारचाकी थांबली. उतरली नीरजा. आता डोक्यात पांढरं डोकावत होतं, हाताखाली माणसं होती. एका रोपवाटिकेत खत बघून माग काढत आली होती. तिनं चतुराबाईला ओळखलं नाय. कंपनीचा शर्ट घातलेल्या बाईत हिरव्या साडीतली बाई तिला दिसली नाय. चतुराबाईनं मात्र गाडीचं दार उघडतानाच ओळखलं होतं.

नीरजा मोकळी बोलली. अमृतवेलची बाग उजाड पडलीय, नव्यानं करायचीय. हिरवळ थोडी, इकडची झाडंझुडपं जास्त, पाणी कमी लागंल अशी. जमिनीत जीवच नाय, म्हणून खत अव्वल पाहिजे. पण श्रीनिवासराव अजून अध्यक्ष हायेत आन् त्यांचा माणूस ठरलेला, काकासाहेब. मागच्या वेळी खोट त्यानंच प्रामाणिकपणे दाखवली, असं त्यांचं म्हणणं. नीरजाला दोघांचं खत पारखून घ्यायचं होतं.

चतुराबाईनं तिला अळीवाचं वाडगं दाखवलं. नीरजाला रीत पसंत पडली. ठरलं असं, की दोघांनी एकेक गोणी स्वतःचं सील लावून द्यायची, 'हे खत मी स्वतः तयार केलं आहे' असं लिहून सही करायची. श्रीनिवासरावांच्या कुलपात, सोसायटीच्या ऑफिसच्या गॅलरीत दोन ट्रे भरायचे, अळीव टाकायचे, पंधरा दिवस पाणी घालायचं आन् सगळ्यांच्या मीटिंगमधी बघायचं.

"मीटिंग त्याच हॉलमधी हाय का?" चतुराबाईनं इचारलं.

"त्याच म्हणजे?"

"आसंच इचारलं."

काकासाहेब येणार हे तिला ठाऊकच होतं. ज्यानं आयुष्यात खत केलं नाय, तो नमुना आणणार कुठून? तिसऱ्या दिवशी भर दुपारी पिकअप आली. काकासाहेब एकटाच. पाणी प्याला, उन्हाला शिव्या दिल्या, रूपालीची खुशाली इचारली. मग मुद्द्यावर आला. सोसायटीच्या परीक्षेत आपल्याबरोबर दुसरं कोण हाय, हे त्याला माहीत नव्हतं. गंगापूर रोडची कुणी एक पार्टी, एवढंच ऐकलेलं. आन् बिननावाच्या गोण्या कुठून जातेत, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं; त्या हॉलानंतर वहिनीचं खत शहरात कोण घेईल, असाच त्याचा हिशोब.

"वहिनी, एक गोणी पाहिजे," म्हणला. "तुमच्या हातचं. एकच."

शेडात दोन ढीग उघडे होते. एक तपकिरी, भुसभुशीत, मधून मधून काडी दिसणारा. दुसरा काळाभोर, बारीक, चहाच्या पत्तीसारखा. हा दुसरा म्हणजे नुसती रगडलेली लेंडी, अजून पाचटात मिसळायची, तापवायची राहिलेली. उन्हाळाभर शेळ्यांनी येड्या बाभळीच्या शेंगा खाल्लेल्या; शेंग पचते, बी पचत नाय. ते बी त्या लेंडीत साबूत पडलेलं.

चतुराबाईनं सळईनं दोन्ही ढीग दाखवले.

"तपकिरी हाय ते पिकलेलं. काळं दिसतं ते कच्चं हाय भाऊजी, त्याला अजून तीन पलट्या बाकी हायेत. तपकिरी न्या."

काकासाहेबानं तिच्या तोंडाकडं बघितलं. मग काळ्या ढिगाकडं बघितलं. शहरातलं गिऱ्हाईक काळं खत बघून भुलतं, हे त्याला रोज दिसलेलं. आन् ही बाई, जिला त्यानं पन्नास माणसांत उभं केलं, ती त्याला चांगलं कशाला दाखवील? त्यानं तिच्या जागी स्वतःला उभं करून बघितलं, आन् त्या जागी तो स्वतः कधीच खरं बोलला नसता.

"काळंच भरतो," म्हणला.

"कच्चं हाय म्हणते ना मी."

"असू द्या. आमच्या नशिबाला कच्चंच बरं," आन् डोळा मारून हसला. हिला कशी पकडली, असं ते हसू होतं.

चतुराबाईनं गोणीचं तोंड धरलं. फावडं त्यानंच मारलं. गाडी रस्त्याला लागल्यावर रामकिसन शेडाआडून आला. दुसऱ्या पाळीला निघालेला, सगळं ऐकून होता. तो म्हणला, तू त्याला फसवलंस. ती म्हणली, मी दोनदा खरं सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायला तो काय माझं लेकरू हाय?

पंधराव्या दिवशी तिनं तीच हिरवी साडी नेसली. शिंक्यातले दोन्ही नारळ काढून पिशवीत घातले.

हॉल तोच. खुर्च्या नव्या होत्या. काकासाहेब पहिल्या रांगेत. चतुराबाईला दारात बघून त्याचा हात उपरण्यावर गेला. गंगापूर रोडची पार्टी कोण, हे त्याला तेव्हा कळलं. ट्रे आणले. एकात अळीव असे दाटलेले, की हात फिरवावा वाटंल. दुसऱ्यात अळीव पिवळे होऊन आडवे पडलेले, बाकी उघडी काळी लेंडी, आन् तिच्यातून येड्या बाभळीची बारा-पंधरा रोपं निघालेली, दोन दोन पानं उघडून, कुणी बोलावल्यासारखी.

श्रीनिवासरावांनी ट्रेखालची नावाची चिठ्ठी वाचली. बाभळीचा ट्रे काकासाहेबाचा.

मग चतुराबाई ज्याची वाट बघत होती ते झालं. माणूस अडचणीत आला की सवयीचीच वाट धरतो. काकासाहेब उठला, चेहरा पाडला आन् बोट दाखवलं.

"साहेब, हे खत ह्यांच्याच शेडातलं आहे. ह्यांनीच बनवलंय. मागच्या वेळी बी ह्यांनीच फसवलं, आठवा."

नीरजानं चतुराबाईकडं बघितलं, हिरव्या साडीकडं बघितलं, आन् तिचा हात आपोआप तोंडावर गेला. ह्या वेळी हसायला नाय.

चतुराबाई उठली. घाई केली नाय.

"व्हय, माझ्याच शेडातलं हाय," म्हणली. "पण ते खत न्हवं, कच्ची लेंडी हाय. भाऊजींना मी दोनदा सांगितलं, माझा मालक ऐकत व्हता. ह्यांनी पीठ नेलं अन् भाकरी म्हणून वाढलं. आता साहेब, तुम्ही तो कागद वाचा. स्वतः तयार केलं, अशी सही कुणाची हाय? आज दुसऱ्याचा माल आपला म्हणून खपवला, उलटला तसा माझ्या अंगावर टाकला. मग सहा सालामागं काय केलं आसंल, ते तुम्हीच सांगा. तुम्ही बँकेत व्हते."

श्रीनिवासरावांनी कागद वाचला. परत वाचला. मागच्या खुर्चीतून कुणीतरी काकासाहेबाला इचारलं, तेव्हाही अशी कच्ची लेंडीच होती का? काकासाहेब बोलायचा थांबला. बोलण्यावर जगलेल्या माणसाचं बोलणं थांबलं की त्याच्याजवळ काय उरतं? उपरणं उरतं.

चतुराबाईनं पिशवीत हात घातला. नारळ खुळखुळला.

"उपरणं पसरा, भाऊजी. सत्कार हाय."

त्यानं पसरलं नाय. तिनं नारळ त्याच्या मांडीवर ठेवला. ह्या वेळी आधी हसली ती मागच्या रांगेतली एक म्हातारी, मग अख्खा हॉल. काकासाहेब नारळ धरून तसाच उठला आन् बाहेर गेला. टाकून द्यायचं बी त्याला सुचलं नाय.

श्रीनिवासरावांनी घसा साफ केला. झाल्या गोष्टीबद्दल सोसायटीतर्फे दिलगिरी म्हणले, आणि बागेचं सगळं खत आता तुमच्याकडूनच घेऊ, म्हणले. रामकिसन दाराशी उभा होता, त्याचा चेहरा उजळला. पुऱ्या बागेचं खत म्हणजे दोन सालाचं काम.

चतुराबाईनं दुसरा नारळ काढला आन् त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला.

"त्या दिवशी तुम्ही मला नारळ द्या म्हणले व्हते, द्यायचा राह्यला. मीच घेऊन आले. हा तुमचा. अमृतवेलला माझं खत मिळायचं नाय."

श्रीनिवासरावांना अर्थ लागायला वेळ लागला. लागला तेव्हा त्यांनी चष्मा काढला. पण पुसायला डोळ्यात पाणी नव्हतं.

घरी येताना जीपमधी रामकिसन कुरकुरला. आलेली लक्ष्मी लाथाडली, म्हणला. ती म्हणली, लक्ष्मी भिंतीपलीकडं बी राहते. आन् राहत होतीच. अमृतवेलच्या भिंतीला भिंत लावून नवी सोसायटी झालेली. तिथली बाग नीरजाकडंच होती. आठ दिवसांनी ती खताचं इचारायला शेडवर आली, मान खाली घालून काहीतरी बोलू लागली. चतुराबाईनं बोलू दिलं नाय. तापल्या ढिगातून सळई उपसली आन् पुढं केली. म्हणली, धरा, खत घेणाऱ्याला खत कळलं पाहिजे. नीरजानं मुठीत धरली. तळवा लाल झाला, पण तिनं सोडली नाय आन् ओरडली बी नाय. मग चतुराबाईनं सळई परत घेतली आन् आत चहा ठेवला.

काळ्या लेंडीच्या ढिगात तिनं पाचट घातलं, पाणी मारलं, तीन पलट्या केल्या. सळई हातात धरवेना इतका तो तापला, तेव्हाच बाभळीचं बी आत शिजून मेलं. तीन महिन्यांनी तपकिरी झाला. गोण्यांवर ह्या वेळी नाव छापलं, मोठ्या अक्षरात, चतुराबाई.

काकासाहेबानं जे खत काळं असताना नेलं, तेच पिकून त्या नव्या बागेत पडलंय. बाभळीचं एक पान उगवलं नाय. श्रीनिवासरावांच्या गॅलरीतून भिंतीपलीकडची ती हिरवळ चांगली दिसते, म्हणून चतुराबाईनं नीरजाला सांगून त्या बाजूला उंच झाड लावू दिलं नाय.